गमारीचा बोर्ड

प्रमोदने लाकूड निवडताना जेवढी अक्कल खर्च केली तेवढी लेकीचं लग्न ठरवताना केली नव्हती, असं त्याची बायको स्वप्नाली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्न अस्मितानेच ठरवलं होतं. बापाने मान हलवायची होती, ती त्याने हलवली. पण चिखलोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर लेकीचा फोन आला, "पप्पा, प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डाचा चुरा भाजीत येतो, मला लाकडाचा एक करून द्या ना," तेव्हा मात्र हा माणूस असा काही कामाला लागला की विचारू नका.

प्रमोदची सगळी नोकरी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच्या तसा लाकडात घडवावा लागतो, मग वाळूत त्याचा ठसा घेतात. ते लाकूड घडवणारा प्रमोद. लाकूड वाकलं तर सगळा माल वाकडा, म्हणून लाकडाचा एकच गुण त्याला महत्त्वाचा वाटायचा, की ते वाकता कामा नये. सुरीखाली काय टिकतं हा प्रश्न त्याला जन्मात कधी पडला नव्हता.

अंबरनाथहून तो गेला उल्हासनगरला, लधाराम शेठच्या वखारीत. शेठने सागवान दाखवलं. प्रमोदने नाकाला लावून बघितलं, म्हणाला, याचा वास काकडीला लागेल. आंब्याचं पाण्याने काळं पडतं. बाभूळ टणक, पण जड इतकी की ओट्यावरून पायावर पडली तर पोरगी महिनाभर घरी. शेवटी शेठने पायानेच एक लालसर ओंडका पुढे ढकलला.

"काटने के लिए तो ये है साईं. इमली. चिंच. मटनवाले सब यही ले जाते हैं."

मटणवाले म्हटल्याबरोबर प्रमोदचा हात मागे आला. अस्मिताचं सासर बदलापूरला, शिरगावात. नवरा उन्मेष, त्याची आई सुनंदाताई, वडील विष्णुपंत. घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि चातुर्मासात तर कांदाही बंद. उद्या कोणी म्हणालं, बघा, सुनेच्या माहेरून खाटकाचा ठोकळा आलाय, तर? तसं कोणी बोललं नव्हतं अजून. पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि प्रमोदच्या घरातली तोंडं पिढ्यान्‌पिढ्या पोळलेली होती.

"ऐसा दो शेठ, जिसको कोई नाम नहीं रखेगा," तो म्हणाला. नावं ठेवायची मराठी खोड त्याने तशीच हिंदीत उतरवली, आणि इतकी वर्षं मराठी गिऱ्हाईक सांभाळून शेठलाही ती कळली. त्याने आतून एक फळी काढली. पांढरट पिवळी, हलकी, कसलाही वास नाही.

"गमारी. ना टेढ़ी होगी, ना फटेगी."

गमारी प्रमोदच्या ओळखीची होती. वखारीत गमारी म्हणायचे, शॉपमध्ये गमारी म्हणायचे, तोही गमारीच म्हणायचा. त्याने फळी खांद्यावर टाकली आणि घरी आला. पुढचा आठवडाभर गॅलरीत रंधा आणि पॉलिशपेपर. कडा अशा गोल केल्या की लहान पोराच्या गालाला लावाव्यात. शेंगदाण्याचं तेल खवट होतं म्हणून जवसाचं तेल पाजलं. खालच्या बाजूला, कोपऱ्यात, अस्मिताचा अ कोरला. बोर्ड देऊन आला तेव्हा गडी अख्ख्या रस्त्याने शीळ घालत होता.

आणि मग त्या गुरुवारी लेकीचा फोन आला.

"पप्पा, रविवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल."

रविवारी तिच्या घरी दोन्हीकडच्या माणसांचं पहिलं जेवण होतं. तिनेच हौसेने बोलावलं होतं. प्रमोदच्या मनात पाल चुकचुकली.

"काय झालं?"

"काही नाही."

"अस्मिता."

तिने आतल्या खोलीचं दार लावलं. मग एका दमात बोलली. "उन्मेषच्या आई आल्या होत्या, लोणचं द्यायला. मी कोशिंबीर करत होते. त्या म्हणाल्या, काकडी मी चिरते. मी बोर्ड पुढे केला. त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा बघितला, बोट फिरवलं, म्हणाल्या, कुठून आणलास? मी म्हटलं, पप्पांनी केलाय, स्वतःच्या हातांनी. तर त्यांनी तो हळूच भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाल्या, 'नको गं बाई, शिवणं नाही चालत आमच्यात.' आणि काकडी ताटाच्या पाठीवर चिरली. जाताना म्हणाल्या, रविवारी मी माझी विळी घेऊनच येईन."

प्रमोदला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग सगळं ऐकू आलं. शिवणं. किती वर्षांनी हा शब्द त्याच्या घरात आला होता. त्याचे वडील, रामभाऊ, गावाकडचं सांगताना हाच शब्द वापरायचे. शिवू नको. शिवलं. पाणी वरून ओतायचे, भांडं शिवायला नको म्हणून. प्रमोद अंबरनाथच्या चाळीत वाढला, एमआयडीसीत कमावता झाला, त्याला वाटलं होतं हा शब्द म्हाताऱ्याबरोबर गेला. लग्नाच्या वेळी रामभाऊ होते, आजारी होते, पण बोलले होते, "ज्या घरात आपलं पाणी चालत नाही तिथे पोर देऊ नये, पम्या." आणि प्रमोदने त्यांना समजावलं होतं की आता तसं काही राहिलं नाही, बाबा. मरणाऱ्या माणसाला त्याने शब्द दिला होता.

"तू काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"काय म्हणणार? बोर्ड कपाटात ठेवला, भांड्यांच्या मागे. उन्मेषला सांगितलं नाही अजून. तुम्ही पण काही बोलू नका, पप्पा. मला इथे राहायचंय."

मला इथे राहायचंय. फोन ठेवला तरी प्रमोदच्या कानात हेच वाक्य होतं.

स्वप्नालीला सांगितलं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती भांडली नाही, तेच जास्त वाईट. ती बसली आणि मोजून आठवायला लागली. "दोनदा आल्या होत्या आपल्याकडे. दोन्ही वेळा गुरुवारी. 'आज गुरुवार हो माझा, चहासुद्धा नको.' मी तेव्हाच म्हटलं होतं, उपासाला चहा चालतो. अख्ख्या महाराष्ट्रात चालतो. तुम्ही म्हणालात, असेल कडक."

"म्हटलं होतं," प्रमोद म्हणाला.

"मी येणार नाही रविवारी." मग जरा वेळाने, "नाही, येणार. बघू तर दे, विळी कशी बाहेर काढतात ते."

दोन दिवस प्रमोद जेवला काय, झोपला काय, त्याचं त्याला ठाऊक नाही. त्याने मनाशी एकच ठरवलं. माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात, तिच्या डोळ्यांदेखत, ती विळी पिशवीतून बाहेर आली की आपण उठायचं. एका काखेत बोर्ड, एका हातात लेकीचा हात, आणि चालतं व्हायचं. लेक म्हणाली होती बोलू नका. ठीक आहे, बोलणार नव्हता तो.

रविवारी फ्लॅटमध्ये कुकरचा वास भरला होता. विष्णुपंत पुण्याला लेकीकडे, राजसीकडे गेले होते, त्यामुळे सुनंदाताई एकट्याच येणार होत्या. उन्मेष बिचारा खुर्च्या इकडच्या तिकडे करत, "काका, फॅन फास्ट करू का," असं उगीच विचारत होता. आपल्या घराच्या छपराखाली काय शिजतंय याचा त्याला पत्ता नव्हता. अस्मिता बापाकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर रडली असती.

बेल वाजली. सुनंदाताई आल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून पंच्याचा बोळा आणि त्यातून विळीच्या पात्याचं टोक दिसत होतं. बाजूला पाण्याची बाटली. बाटली तर कोणीही आणतं, प्रमोदने स्वतःला सांगितलं. पण नजर त्या बाटलीवरून हलेना.

"स्वप्नालीताई, कशा आहात? प्रमोदराव, बरे आहात ना?"

"बरंय," प्रमोद म्हणाला. स्वप्नाली विळीच्या पात्याकडे बघत होती.

सुनंदाताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशेजारी फरशीवर त्यांनी पेपर पसरला, पंचा सोडला, विळी मांडली, पाय दुमडून बसल्या. "दे गं भेंडी. बघता बघता होतील." दारात स्वप्नाली उभी, तिच्या मागे प्रमोद. अस्मिताने भेंडीची परात खाली ठेवली तेव्हा ती फरशीवर खडखडली.

प्रमोदने चपला कुठे काढल्या होत्या ते मागे वळून बघितलं.

तेवढ्यात उन्मेष आत शिरला. "अगं आई, विळी कशाला आणलीस? बोर्ड आहे की. काकांनी इतका भारी केलाय. अस्मिता, कुठे गेला गं बोर्ड?"

"राहू दे," अस्मिता म्हणाली.

"राहू दे काय?" त्याने कपाट उघडलं, भांडी सरकवली, भांड्यांच्या मागून बोर्ड ओढून काढला. "इथे कुणी ठेवला?" उत्तराची वाट न बघता त्याने तो ओट्यावर ठेवला, एक टोमॅटो घेतला, सुरी उचलली. मला सुद्धा येतं काम, असं दाखवायचा उत्साह नव्या नवऱ्यांना असतोच.

"अरे, अरे, नको." सुनंदाताई बसल्या जागेवरून अर्ध्या उठल्या आणि त्यांनी त्याच्या हाताखालून बोर्ड ओढून घेतला. "सांगितलं होतं ना मी हिला. शिवणं नाही चालत आमच्यात."

झालं. लेकीसाठी न बोलायचं ठरवलेला प्रमोद आत आला आणि ओट्यापाशी उभा राहिला. आवाज चढला नाही त्याचा, उलट खाली गेला.

"कोणाचं शिवणं चालत नाही, सुनंदाताई?"

"पप्पा," अस्मिता म्हणाली.

"विचारू दे. माझ्या मुलीसमोर विचारतो, तुमच्या मुलासमोर विचारतो. कोणाचं?"

सुनंदाताई गोंधळल्या. "कोणाचं म्हणजे? कोणाचंच नाही चालत. तुम्ही आणलेलं असो, उन्मेषने आणलेलं असो. सुरीखाली नाही घेत."

"माझ्या हाताने केलाय म्हणून नाही चालत. तसं म्हणा की. आम्हाला ऐकायची सवय आहे."

"तुमच्या हाताने?" त्या बोर्डाकडे बघायला लागल्या, मग त्याच्याकडे. "अहो, हाताचं काय त्यात? लाकूड शिवण आहे ना हे. शिवणीचं झाड नसतं का? त्याचं."

"हे गमारीचं लाकूड आहे. मी स्वतः आणलंय."

"वखारीत म्हणत असतील गमारी. आमच्या गावी शिवण म्हणतात. आमचा देव्हारा शिवणीचा आहे, माझ्या सासऱ्यांनी करून घेतलेला. रोज पुसते मी, हातात घेतल्याबरोबर कळलं मला. देवाला वापरतात ते लाकूड, त्यावर सुरी कशी चालवायची, म्हणून म्हटलं शिवण नाही चालत..."

आणि इथे त्या थांबल्या. स्वतःचेच शब्द त्यांना आता ऐकू आले होते, समोरच्या माणसांना जसे ऐकू गेले होते तसे. चेहऱ्यावरचा रंगच उडाला बाईंच्या.

"अगं बाई," त्या हळू म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं..."

अस्मिता ओट्याला धरून रडायला लागली. तीन दिवसांचं साठलेलं होतं, ते एकदम आलं. उन्मेष एका हातात सुरी आणि एका हातात टोमॅटो घेऊन उभा. "काय झालं? मला कोणी सांगेल का?" स्वप्नालीने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि दोन वाक्यांत सांगितलं. तो आधी लाल झाला, मग हसला, घाबरून हसतात तसा. "म्हणजे शब्दाचाच घोळ सगळा. शिवण आणि शिवणं. बाप रे, काका."

सगळ्यांनाच हसायचं होतं. हसून मोकळं व्हायला एवढी सोपी वाट समोर होती. अस्मिता डोळे पुसत हसली, सुनंदाताईंनी छातीवर हात ठेवून श्वास सोडला. प्रमोदलाही हसायचं होतं, खरंच होतं. आपण या बाईवर नको तो आळ घेतला याची लाज वाटत होती त्याला. पण त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी टोचत होतं, आणि ते लाकडाचं नव्हतं.

"आणि आमच्या घरचा चहा?" त्याने विचारलं. "तोही शिवणीचा होता का?"

कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी गॅस बंद केला नाही.

"गुरुवार..." सुनंदाताईंनी सुरुवात केली. स्वप्नाली त्यांच्याकडे बघत होती, नुसती बघत होती. सुनंदाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो शिवणीचा नव्हता."

"आई," उन्मेष म्हणाला.

"तू थांब. मला विचारलंय." त्या प्रमोदकडे बघून बोलायला लागल्या, मग स्वप्नालीकडे बघून. "विळी सवयीने आणली, मला सुरीने जमत नाही, ते खरं. बोर्डाचं तर देवाशपथ तुमच्याबद्दल मनात काही नव्हतं. पण चहाचं होतं. घरून निघताना ठरवून यायचे की आज घ्यायचा. दार उघडलं की घशाशी काहीतरी यायचं, लहानपणापासून भरवलेलं, आणि तोंडातून गुरुवार निघून जायचा. वारसुद्धा मुद्दाम तोच निवडायचे. कारण देत नाही मी. होतं ते सांगितलं."

प्रमोदने दोन दिवस मनातल्या मनात एक भांडण तयार ठेवलं होतं. त्यात समोरची बाई खोटं बोलायची आणि तो तिचं खोटं तिच्या पदरात घालायचा. ती खरं बोलेल याची तयारीच नव्हती. लागलं त्याला, भरपूर लागलं. पण मारायला हात उचलावा तर समोर कोणी नाही, तसं झालं.

अस्मिताने पुढे होऊन गॅस बंद केला.

सुनंदाताईंनी बोर्ड मांडीवर घेतला. कडेवरून हात फिरवला, मागे वळवला, कोपऱ्यातला अ त्यांना दिसला. तो पदराने पुसला, पुसायची काही गरज नसताना. "सुरीखाली टिकलंही नसतं हो हे, प्रमोदराव. मऊ असतं. चरे पडतात, त्यात पाणी मुरतं. चिरायला चिंच लागते."

प्रमोदला नको असताना हसू फुटलं. "चिंच बघितली होती. तुमच्यासाठीच सोडली."

"माझ्यासाठी?"

"मटणवाले वापरतात म्हणून. म्हटलं, तुम्ही काय म्हणाल."

"बघा," सुनंदाताई जरा हलक्या होऊन म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याही मनात..."

"ते भीतीने, ताई," स्वप्नाली मध्येच म्हणाली. सकाळपासूनचं तिचं त्यांच्याशी पहिलं वाक्य. "तुमचं भीतीने नव्हतं."

सुनंदाताईंनी मान खाली घातली. "नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बोर्ड पुन्हा उलटा करून बघितला. भेंडी तशीच पडली होती. शेवटी मान वर न करताच त्यांनी विचारलं, "याचा पोळपाट होईल का?"

"होईल," प्रमोद म्हणाला. "गोल कापून खाली पाय लावले की झालं."

"मला द्याल करून? माझ्या पोळपाटाचा पाय हलतो. रोज लागतो मला."

प्रमोदला रोज हा शब्द ऐकू आला. त्याच्या हातचं लाकूड, शिरगावच्या त्या घरात, रोजच्या कणकेखाली. त्याने अस्मिताकडे बघितलं. तिची नजर त्याच्यावरच होती. तिला इथे राहायचं होतं, आणि राहायचं तर मान ताठ ठेवून, हेही तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"देतो," तो म्हणाला. "हिला चिंचेचा बोर्ड करतो, तुम्हाला याचा पोळपाट. पण पोचवायला मी येणार नाही. न्यायला तुम्ही या. अंबरनाथला, आमच्या घरी."

"येते ना. येत्या गुरु..."

शब्द अर्धा बाहेर आला होता. सगळ्यांनी ऐकला. सुनंदाताईंनी जीभ चावली, आणि या खेपेला मान वर केली.

"गुरुवारी नको," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी येते. चहाच्या वेळेला."

प्रमोदने मान हलवली. स्वप्नाली पुढे आली, पेपराच्या दुसऱ्या टोकाला फरशीवर बसली आणि भेंडीची परात त्यांच्याकडे सरकवली.

"साखर किती घालता चहात?" तिने विचारलं. "वर्ष होत आलं, मला अजून माहीत नाही."

"अर्धा चमचा," सुनंदाताई म्हणाल्या.